लाभ, येरडू, मूरू

चौथी थप्पड मारताना संगमेश्वरच्या लक्षात आलं, की आपण मोजतो आहोत. ओठांतल्या ओठांत, पण नीट, स्वच्छ, आडतीवर धान्याचे कट्टे मोजावेत तसं. लाभ, येरडू, मूरू, नाकू. हात वर होता. समोर त्या पिकअपच्या ड्रायव्हरचं तोंड होतं, एका बाजूनं सुजत चाललेलं, आणि मागून कुणीतरी त्याची मान आवळून धरली होती म्हणून ते तोंड खाली पडत नव्हतं, पुन्हा पुन्हा समोर येत होतं. पिकअप बीदरकडची होती. तिच्या आरशाचा धक्का क्लासला निघालेल्या एका पोरीच्या स्कूटीला लागला होता. पोरगी दुभाजकावर बसून कोपर झाडत होती. तिला खरचटण्यापलीकडं काही झालं नव्हतं. "जाऊ द्या ना, जाऊ द्या त्यांना," असं ती म्हणत होती आणि तिचं कुणी ऐकत नव्हतं. भर दिवसा, लातूरसारख्या शहरात, लोकांना मारायला एक माणूस मिळाला होता, तेवढं पुरे होतं. संगमेश्वरला या रस्त्यानं रोज जावं लागे. पंचावन्न वर्षांचा, शुगरच्या गोळ्या खाणारा, स्वतःची डाळमिल असणारा माणूस. रस्त्यावर कुणाला त्यानं कधी हात लावला नव्हता. आज त्यानं मोटारसायकल बाजूला घेतली, स्टँडला लावली, चावी काढून खिशात घातली आणि मग गर्दीत घुसून मारायला लागला. चावी खिशात घालण्याइतकं भान असलेल्या माणसाला राग अनावर झाला असं तरी कसं म्हणायचं?

ड्रायव्हरनं ते कानडी आकडे ऐकले. बंद होत आलेला डोळा त्यानं उघडायचा प्रयत्न केला आणि संगमेश्वरकडं, फक्त त्याच्याकडं पाहिलं. "अण्णा," तो म्हणाला. तोंडातून रक्ताची लाळ गळत होती. "बडीब्याडरी अण्णा. नीव नम्मवरे अदीरी." मारू नका अण्णा, तुम्ही तर आमच्यातलेच आहात. हे मराठीत करून घ्यावं लागलं नाही, ते थेट पोटात उतरलं. संगमेश्वरचा हात तिथंच अडकला. शेजारच्या पोरानं, ज्याची दाढी अजून धड आली नव्हती, त्याच्याकडं वळून विचारलं, "काका, काय म्हनलालाय ह्यो? तुमाला वळखतो का?" मागून दुसरा म्हणाला, "ह्येंचाच मानूस हाय वाटतं. कानडी येतं का वो तुमाला?" गर्दी जराशी फिरली. शेतातलं वारं फिरतं तेवढीच, पण संगमेश्वरला ती फिरताना दिसली. "न्हाई," तो म्हणाला. "मला न्हाई येत." आणि ते खरं वाटावं म्हणून त्यानं पाचवी मारली, सगळ्यांत जोरात. बोटातली अंगठी ड्रायव्हरच्या ओठाला लागली आणि ओठ फाटला. ऐदू. तेवढं मात्र मनातच राहिलं.

मग हवालदार आला, माणसं पांगली, ड्रायव्हर चाकाला टेकून बसला. त्या पोरीनंच आपली पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. संगमेश्वरनं मोटारसायकल चालू केली. तो मिलकडं न जाता घराकडं वळला. अंगठीच्या नक्षीत रक्त अडकलं होतं. सिग्नलला उभा असताना त्यानं ते शर्टाच्या आतल्या बाजूला पुसलं आणि मग त्याला स्वतःची किळस आली. बाहेरच्या बाजूला पुसलं असतं तर दिसलं असतं, एवढा हिशेब त्या क्षणीही त्यानं केला होता. अप्पांचा मुलगा शोभतो, असं त्याला वाटलं. आणि त्याबरोबर सकाळचा आईचा चेहरा आठवला. खरं तर तो सकाळपासून कुठं गेलाच नव्हता. मारताना तोच समोर होता.

आई, म्हणजे उमादेवी, श्रावणात न्हाणीघरात पडली. डोक्यात रक्ताची गाठ झाली. उजवी बाजू गेली, आणि तिच्याबरोबर मराठी गेली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, की असं होतं कधीकधी, मागाहून शिकलेली भाषा जाते आणि पाळण्यातली राहते. डॉक्टरांनी मोठ्या उत्साहानं विचारलंही होतं, "घरात कानडी कोण बोलतं? त्यांच्याशी सतत बोलत राहा." मंजुश्रीनं, त्याच्या बायकोनं, त्याच्याकडं पाहिलं होतं. ती माहेरची लातूरचीच, तिच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी कानडी संपलेली. मुलगा रविकिरण पुण्यात. त्याचं पोरगं फोनवर आजोबांशी इंग्रजीत बोलतं आणि आजोबा हाव, हाव करतात. "घरात कुणी न्हाई बोलत," संगमेश्वरनं डॉक्टरांना सांगितलं होतं. तेही खोटं नव्हतं.

पण खरी गोष्ट त्यापेक्षा वाईट होती, आणि ती त्याला लुंबिनीकडून कळली. लुंबिनी आईचं सगळं करायला दिवसभर असते. हदगावकडची, लातूरला दिलेली, बोलायला फटकळ, हाताला मऊ. ती म्हणाली, "काका, राग मानू नगा. तुमी नसलात की आज्जी लई बोलत्यात. मला एक अक्षर कळंना, पर म्या हाव हाव म्हनते आन् त्या बोलत्यात. दूध मागत्यात, पानी मागत्यात, हातानं दावत्यात. तुमी दारात आलात की झालं. पदर तोंडावर. मग जेवन न्हाई का पानी न्हाई." त्यानं एकदा खिडकीतून पाहिलं. आई भिंतीकडं पाहत गावच्या विहिरीबद्दल काहीतरी बोलत होती, हसलीसुद्धा. तो आत आला. तिनं त्याला पाहिलं आणि डावा हात उचलून, पदरासकट, आधी तोंडावर नाही, गालावर धरला. मग तोंडावर. संगमेश्वरला त्या दिवशी आरशासमोर उभं राहावं लागलं. टक्कल, भुवया, मिशीची ती पांढरी कातर. बारा वर्षांपूर्वी मेलेले अप्पा, माणिकप्पा, आरशात उभे होते.

आणि तेव्हापासून घरात हे असं चाललं होतं. तो आत गेला की ती खात नसे. तो बाहेर राहिला तर लुंबिनीच्या हातून दोन घोट घेई, पण संध्याकाळी लुंबिनी जाई आणि मंजुश्रीच्या मराठीला ती दाद देत नसे, परक्या बाईसारखी बघत राही. आता तर तिनं लुंबिनीचंही घ्यायचं सोडलं होतं. त्याचा आवाज शेजारच्या खोलीत असला तरी पुरे होई. डॉक्टरांनी सकाळी सांगितलं, की उद्या दवाखान्यात आणा, नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात नळी घातलेलं माणूस पुन्हा तोंडानं जेवेल याची खात्री नाही. सकाळी तो वाटी घेऊन तिच्यापाशी बसला होता. "आई, ज्वारीची पेज हाय, घे की गं थोडी," असं म्हणाला होता. तिनं गाल झाकला. त्यानं तिचा हात बाजूला करायला धरला आणि तिच्या तोंडातून जो बारीक आवाज आला तो ऐकून तो वाटी टाकून मिलला जायला निघाला, आणि वाटेत एक माणूस मार खात होता.

संगमेश्वर सहा वर्षांचा होईपर्यंत त्याला मराठी येत नव्हतं. देवणीच्या पुढं, सीमेला लागून गाव. तिथं राज्य बदललं तरी चुलीपाशी कुणी काही बदललं नाही. दुकानात मराठी, दर्ग्यापाशी उर्दू, घरात आणि मठात कानडी. माणिकप्पा लातूरला आडतीवर तोलार म्हणून आले, एक खोली घेतली, बायकोपोराला आणलं. शाळेच्या पहिल्या आठवड्यात गुरुजींनी काही विचारलं आणि संगमेश्वर "नंग गोत्तिल्ल" म्हणाला. मला ठाऊक नाही, एवढंच. वर्ग खो खो हसला. गुरुजींना वाटलं पोरगं टवाळी करतंय. त्यांनी कान धरून त्याला बाकावरून उचललं, आणि कान मागच्या बाजूनं फाटला. अजून तिथं हात लागला की शिवणीसारखा व्रण लागतो. तो रक्ताची बाही घेऊन घरी आला. आईनं हळद भरली, कानडीत गुरुजींच्या सात पिढ्या उद्धरल्या. संध्याकाळी अप्पा आले, कान पाहिला. उठून त्यांनी दाराला आतून कडी लावली. "आजपासून या घरात कानडी बंद," ते म्हणाले, तुटक्या, खडबडीत मराठीत, कारण त्यांचंही मराठी तेवढंच होतं. आईला वाटलं रागात आहेत, निवळतील. तिनं ताट वाढलं आणि रोज म्हणायची तसं म्हणाली, "ऊटा माडरी." जेवा. तेवढ्याला पहिली थप्पड बसली.

ती एक असती तर संगमेश्वर विसरला असता. माणसं विसरतात. पण अप्पा शिस्तीचे होते. दिवसभरात आईच्या तोंडून जेवढे शब्द निसटत, ते शेजारच्या खोलीतली बाई सांगे, किंवा आई स्वतःच सांगून टाकी, कारण खोटं बोलणं तिला जमत नसे. मग संध्याकाळी कडी लागायची, आणि अप्पा मोजून मारायचे. आणि मोजायचे कानडीत. दुसऱ्या कशात त्यांना मोजताच येत नव्हतं. जन्मभर तराजूपाशी उभं राहून धान्य मोजलेला माणूस. पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं असतं, म्हणजे बरकत राहते, हे त्यांच्या हाडांत मुरलेलं. तेव्हा पहिली थप्पड लाभ. मग येरडू. मग मूरू. आवाज चढलेला नसे, दम लागलेला नसे. घरातून कानडी हाकलायला निघालेल्या माणसाला आपण ती कशानं हाकलतो आहोत हे एकदाही ऐकू आलं नाही, आणि ते त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. संगमेश्वर रॉकेलच्या डब्यामागं बसून बोटं कानात घालायचा. फाटक्या कानात बोट घातलं की दुखायचं, म्हणून एक कान उघडा राहायचा.

त्या उघड्या कानानं जे आत गेलं तेवढंच कानडी त्याच्याजवळ उरलं. बाकीचं त्यानं स्वतः संपवलं. आई न्हाऊ घालताना दाराकडं बघत हळूच काहीतरी बोलायची, मांजराची गोष्ट, मामाच्या बैलांची, आणि तो तोंडावरचं पाणी निपटत म्हणायचा, "आई, मराठीत बोल ना." अव्वा म्हणायचं सोडून आई म्हणायला लागला, ते असंच, तिला वाचवायला. तिला ते कळत होतं का? त्याला वाटायचं कळत असेल. पुढं तिचं मराठी असं झालं, की बचत गटाच्या बायका तिलाच भाषण करायला लावायच्या. संगमेश्वरला बोर्डात मराठीत चांगले गुण पडले तेव्हा अप्पांनी पेढे वाटले, आणि वाटताना आईकडं असं पाहिलं, की बघ, झालं का नाही. त्या माणसाला खरंच वाटत होतं, की आपण पोराचा कान वाचवला. संगमेश्वरला त्यांचा धड राग करता येत नसे तो इथं. ते गेल्यावर त्यांना लिंगायत रीतीप्रमाणे बसवून पुरायला नेलं तेव्हा आई खड्ड्याच्या काठावर बसली आणि वाकून त्यांच्या कानाला तोंड लावलं. ओठ बराच वेळ हलत होते. जंगमस्वामींना शेवटी "बस कर, तायी" म्हणावं लागलं. त्यानंतर गावाकडच्या बायका घरी राहिल्या, तिच्याशी दिवसदिवस कानडीत बोलल्या, आणि ती प्रत्येकीला मराठीत उत्तर देत राहिली. दार उघडं होतं, मारणारा माती झाला होता, तरी मायलेकांपैकी कुणीच कानडीला सुरुवात केली नाही. कुणी अडवलं होतं? संगमेश्वरला याचं उत्तर कधी सापडलं नव्हतं, आणि आज ते एका अनोळखी माणसाच्या तोंडावर सापडलं होतं, आपल्याच हाताखाली.

घरी आला तेव्हा लुंबिनी वाटी झाकून बसली होती. "न्हाई घेतलं," ती म्हणाली. "सकाळपासून थेंब न्हाई. जिभेला भेगा पडल्यात, बघा." त्यानं मोरीत हात धुतले, अंगठी काढून कोनाड्यात ठेवली. पाठीवरचा शर्ट ओला झाला होता. त्याला भीती वाटत होती. रॉकेलच्या डब्यामागं वाटायची तीच. आत जाऊन तो पलंगाच्या कडेला बसला. आईनं त्याला पाहिलं. हात गालावर गेला. त्यानं मनात शब्द जुळवला. वाटेभर त्यानं तो घोकला होता. ऊटा माडु, अव्वा. तीन शब्द, ज्यातला एकही अवघड नव्हता. त्यानं तोंड उघडलं आणि जबडा कडक झाला, मान आपोआप खांद्यात गेली. आपल्यालाच आता थप्पड बसणार, असं त्याच्या अंगाला वाटत होतं. पुन्हा प्रयत्न केला. घाम डोळ्यांत उतरला. लुंबिनी म्हणाली, "काका, ऱ्हाऊ द्या. तुमालाच काही हुईल." त्यानं चमचा भरला, तिच्या ओठांपाशी नेला, आणि तोंडून काहीतरी निघालंच पाहिजे म्हणून एवढा जोर लावला, की निघालं. "लाभ."

त्याला स्वतःला तो आवाज अप्पांचा वाटला. आईनं गालावरचा हात काढला. तिनं भिंतीकडं तोंड केलं. अर्ध्या मेलेल्या अंगाला जितकं जमेल तितकं, कण्हत, ओढत, ती कुशीवर वळली, डाव्या हातानं पाठीवरचा पदर बाजूला केला आणि पाठ त्याच्यापुढं केली. वाळलेली, मणके दिसणारी पाठ. आणि मग, लवकर उरकावं म्हणून, ती स्वतःच पुढं मोजायला लागली. "येरडू," ती भिंतीला म्हणाली. "मूरू. नाकू." प्रत्येक आकड्याला तिचं अंग दचकत होतं. कुणी मारत नव्हतं तरी दचकत होतं. लुंबिनीला शब्द कळले नाहीत, पण पाठ कळली. "आवो, हे काय करून राहिल्यात आज्जी?" म्हणत ती उठून उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. संगमेश्वरच्या हातातली वाटी अंथरुणावर कलंडली. पन्नास वर्षांत त्याला इतकं रडू आलं नव्हतं, आणि रडायला सवड नव्हती, कारण ती ऐदूच्या पुढं चालली होती.

त्यानं तिला खांद्याला धरून हलकेच आपल्याकडं वळवलं. तिनं डोळे मिटून घेतले. मग त्यानं तिचा डावा हात उचलला. वजनच नव्हतं त्या हाताला. तो त्यानं आपल्या गालावर ठेवला, अप्पांच्या गालावर, आणि मघाशी ड्रायव्हरच्या तोंडून आलेला शब्द त्याच्या तोंडातून आला, जणू वाटेत तेवढ्यासाठीच त्याच्या हाती दिलेला. "बडी," तो म्हणाला. "बडी, अव्वा." मार. तिनं डोळे उघडले. ती बघत राहिली. हात तसाच गालावर पडून होता. तो पुन्हा म्हणाला, "बडी." आणि तिनं मारलं. पहिली लागलीच नाही, नुसती सरकली. दुसरी लागली. तिसऱ्यांदा तिचं नख डोळ्याखाली ओरखडत गेलं आणि मग त्या हातात कुठून कोण जाणे बळ आलं, ती मारत सुटली, गालावर, नाकावर, कपाळावर, त्या जुन्या कानावर, मिशी धरून ओढली, दात ओठांवर दाबून, सगळं उरलेलं अंग त्या एका हातात आणून. लुंबिनी "आज्जी, आज्जी" करत धावली तेव्हा त्यानं हात आडवा करून तिला थांबवलं. तो वाट पाहत होता, की ती मोजेल. ती मोजत नव्हती. आणि मारता मारता ती बोलायला लागली, भरभर, कानडीत, अशा शिव्या ज्या त्यानं हळद भरताना एकदाच ऐकल्या होत्या, आणि विहीर, आणि तिची आई, आणि ते ताट जे त्या संध्याकाळी कुणी जेवलं नाही. त्याला प्रत्येक शब्द कळत होता. नाकातून रक्त आलं. ते ओठावर आलं तेव्हा तिचा हात थांबला.

ती धापा टाकत होती. तिनं बोटाला लागलेलं रक्त पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं, वरपासून खालपर्यंत. हात पुन्हा उचलला, तेव्हा त्यानं डोळे मिटले. पण तो हात त्याच्या कानामागं गेला आणि तिथली शिवण तिनं चाचपून पाहिली. "नीर कोडु," ती म्हणाली. पाणी दे. लुंबिनीनं भांडं पुढं केलं, ते त्यानं घेतलं आणि तिच्या तोंडाला लावलं. अर्धं गळ्यावरून सांडलं, अर्धं पोटात गेलं. तिनं अजून मागितलं. ते पोटात गेल्यावर त्याला बोलावंसं वाटलं, खूप, सगळंच, पण आला तो एकच शब्द, आणि तो मोठ्यानं आला. "अव्वा!"

तिनं घाबरून त्याच्या तोंडावर हात ठेवला. दाराकडं पाहिलं. मग त्याचं डोकं जवळ ओढून, त्याच्या फाटक्या कानाला तोंड लावून, ती कुजबुजली, "मेल्लक माताडु, मगा. अप्पा केळतार." हळू बोल, बाळा. अप्पा ऐकतील.

अप्पा आता कुठंच ऐकत नाहीत, हे तिला सांगायला त्याच्याजवळ शब्द नव्हते, आणि असते तरी सांगितलं असतं का, त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं मान हलवली. तो उठला, आणि सहा वर्षांच्या पोरासारखा पाय न वाजवता जाऊन त्यानं दाराला आतून कडी लावली.